पोळ्याचे उपकारस्मरण

केलेला उपकार स्मरावा, असे आपण सर्वच म्हणतो. परंतु ज्यास आपली भाषा बोलता येत नाही व जो आपले देणे कधीही मागावयास येत नाही, त्याचे उपकार सहज विसरले जातात. श्रावणी अमावास्येचा पोळा हा सण या विस्मरणावरील उतारा होय. आमच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनपासून परतूरपर्यंत, आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यास हळद व तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी त्यास न्हाऊ घालून, शिंगे रंगवून व पाठीवर झूल घालून वेशीत आणतात आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. मोशेच्या नियमशास्त्रातही विसाव्याचा दिवस धन्याप्रमाणेच त्याच्या बैलासही लागू केला आहे. श्रमणाऱ्या जनावराची कदर ही कोणा एका समाजाची मिरास नव्हे.

आम्ही व आमचे काही विद्यार्थी सुटीच्या दिवशी जखमी व टाकून दिलेल्या जनावरांच्या शुश्रूषेस हातभार लावीत असतो. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेले वासरू दोरांनी वर काढणे, मोटारीच्या धडकेने जायबंदी झालेल्या गाईजवळ पशुवैद्य येईपर्यंत बसून राहणे, अशी ही कामे. पोळ्याच्या दिवशी लोक भेटतात व मोठे पुण्य जोडता म्हणून आमचे आभार मानतात. त्यांचा हेतू चांगला असतो. तथापि हे आभार चुकीच्या दारी पोचतात असे आम्हांस वाटते. येथील काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या बैलाने नांगरली. ज्वारी व कापूस त्यानेच बाजारी पोचविला. या भूमीचे अन्न खाणारा प्रत्येकजण त्याचा ऋणको आहे, आणि ऋणकोने एक हप्ता फेडला म्हणून त्याचा सत्कार करावयाचा नसतो. उलट, अपरात्री निरोप धाडणारा शेतकरी, हाकेसरशी दोर घेऊन धावणारा गुराखी आणि १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करताच येणारे फिरते पशुवैद्यकीय पथक यांचे आभार आम्हीच मानले पाहिजेत.

मात्र कृतज्ञतेस ज्ञानाची जोड हवी. बैल रवंथ करणारा प्राणी; त्याचे कोठीपोट चारा आंबविण्यासाठी घडलेले आहे. पुरणपोळ्या, पीठ व शिजलेले धान्य त्यात एकदम पुष्कळ गेले म्हणजे ते झपाट्याने आंबते, आम्ल वाढते, रवंथ थांबते, आणि वेळीच उपचार न झाल्यास जनावर दगावते. म्हणून नैवेद्याचा एक घास द्यावा व मग नेहमीचा चारा घालावा. सणाचे उरलेले अन्न प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उकिरड्यावर टाकणे तर फारच वाईट. भुकेले गुरू पिशवीसकट ते गिळते, व ती पिशवी पोटात न पचता तशीच साचून राहते.

आता खरा कठीण प्रश्न. ज्या बैलाकडून काम होत नाही, त्याचे काय? ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची गरज उणावली. २०१९ च्या पशुगणनेत देशातील नर गुरांची संख्या २०१२ च्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीस कायद्याने बंदी आहे, आणि १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावर वाऱ्यावर सोडणे हाही गुन्हा आहे. पण कायदा दावणीला कडबा आणून टाकीत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात होरपळलेल्या या जिल्ह्यातील शेतकऱ्यास, घरात माणसांना पाणी नसता म्हातारा बैल पोसणे किती जड जाते, हे ज्याने पाहिले आहे तो त्यास निर्दय म्हणावयास धजणार नाही. जे ऋण साऱ्यांचे आहे ते एकट्या धन्याने फेडावे, हा न्याय नव्हे.

यास्तव आमची एक सूचना आहे. पोळ्यासाठी गावात जी वर्गणी जमते, तिच्यातील चौथा हिस्सा वाजंत्री व फटाक्यांकडून काढून गावच्या चाऱ्यासाठी ठेवावा. रब्बीची ज्वारी निघाल्यावर त्या रकमेचा कडबा घेऊन गंजी रचावी, व ज्याच्या घरी काम संपलेला बैल आहे त्यास उन्हाळ्यात ती खुली करावी. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने कडब्याच्या चार पेंढ्या द्याव्या, ज्याच्यापाशी पेंढ्याही नाहीत त्याने गंजी रचावयास यावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण खेड्यांतून आलेले आहात. येत्या पोळ्यास घरी जाल तेव्हा सजविलेल्या जोडीचे कौतुक अवश्य करा. पण गोठ्याच्या कोपऱ्यात झुलीवाचून उभा असलेला एखादा म्हातारा बैल दिसेल, त्याच्यापुढे पाण्याची बादली प्रथम ठेवा. त्याचे काम संपले आहे. आपले देणे अद्याप संपलेले नाही.