सिंहांना नावे, माणसांचा केवळ आकडा!

पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत ‘वैविध्य’ आणि ‘प्रतिनिधित्व’ या शब्दांचा मोठा उदोउदो चालतो. पडद्यावर चार सावळे चेहरे दिसले की न्याय झाला, असे प्रमाणपत्र तत्काळ दिले जाते. नरभक्षक श्वापदांवरील जुने भयपट हे प्रमाणपत्र किती पोकळ आहे ते दाखवून देतात. कारण त्यांत मरणारा माणूस पुष्कळदा आपलाच असतो.

१८९८ साली पूर्व आफ्रिकेत त्सावो नदीवर रेल्वेपूल बांधला जात असताना दोन सिंहांनी मजुरांच्या छावण्यांत हाहाकार माजवला. हे मजूर प्रामुख्याने हिंदुस्थानातून नेलेले होते. सिंहांना मारणाऱ्या पॅटर्सन या अधिकाऱ्याने २८ हिंदी मजुरांचे बळी नोंदवले. आफ्रिकी मृतांची तर अधिकृत नोंदच ठेवली गेली नाही. याच प्रकरणावरून १९५२ मध्ये ‘ब्वाना डेव्हिल’ आणि १९९६ मध्ये ‘द घोस्ट अँड द डार्कनेस’ हे चित्रपट निघाले. दुसऱ्यात ओम पुरी आहेत, निवेदक आफ्रिकी आहे. वैविध्याची यादी पूर्ण! परंतु पॅटर्सनच्या जोडीला पराक्रम गाजवण्यासाठी एक अमेरिकी शिकारी निव्वळ कल्पनेतून उभा करण्यात आला. जो नव्हताच, तो नायक झाला. जे होते आणि मेले, ते जमावात विरले. सिंहांना मात्र नावे मिळाली आणि तीच चित्रपटाचे शीर्षक झाली.

१९४८ च्या ‘मॅन-ईटर ऑफ कुमाऊँ’ची तऱ्हा निराळी नाही. जिम कॉर्बेट यांनी पहाडातील माणसांविषयी आत्मीयतेने लिहिले होते. चित्रपटाने त्यांच्या पुस्तकाचे नाव घेतले आणि कथा रचली ती एका अमेरिकी डॉक्टरची! म्हैसूरचा साबू त्यात आहे. पण कथेचा केंद्रबिंदू तो नव्हे.

‘ही तर करमणूक, एवढे मनावर का घ्यावे?’ असे कोणी म्हणेल. घ्यावे, कारण पाहण्याची सवय पडद्यापुरती राहत नाही. आर्णी विधानसभा मतदारसंघात येणारा पांढरकवडा आणि लगतचा राळेगाव या परिसरात टी-१ वाघिणीच्या हल्ल्यांत १३ माणसे दगावल्याचे सांगितले गेले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. तिला कोणत्या रीतीने मारले, हा प्रश्न विचारणे रास्तच होते. पण ‘अवनी’ हे नाव देशभर घरोघरी पोहोचले. त्या १३ जणांपैकी एकाचे तरी नाव महानगरांतील सुशिक्षितांना सांगता येईल काय?

वाघ आपला वैरी नव्हे. वाघोबाला शेंदूर लावून नमस्कार करणारा हा समाज आहे. त्याला सहजीवनाचे धडे वातानुकूलित दालनांतून देण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती त्याची बाजू त्याच्याच नजरेतून मांडणाऱ्या मराठी चित्रपटाची. आर्णीच्या शिवारात रात्री जागलीला निघालेला शेतकरी, कपाशीत वाकून वेचणी करणारी त्याची कारभारीण, दोघांची दारात वाट पाहणारी म्हातारी. भय यांच्या घरी वस्तीला आहे. कथेचा नायक शोधायला अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. मेलेल्या माणसाला नाव देणे, हेच खरे प्रतिनिधित्व!