पुलाला तडे गेल्यावरच गाडी धावायची काय?

नियोजन या शब्दाचा आपल्या राज्यकर्त्यांनी लावलेला अर्थ समजून घ्यायचा असेल, तर अकोटकडे पाहावे. अकोला-खंडवा या मीटरगेज मार्गावरील अकोला-अकोट वाहतूक गेजपरिवर्तनासाठी २०१७ च्या आरंभी थांबली. सुमारे ४४ किलोमीटरचा नवा ब्रॉडगेज लोहमार्ग तयार होऊन २०२० मध्ये त्याची सुरक्षा तपासणीही झाली. तरीही प्रवासी गाडी आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्राम येथील पूर्णा नदीवरील ब्रिटिशकालीन पुलाला तडे गेले, रस्ता बंद पडला आणि अकोटकरांना अकोल्यासाठी वळसा घालणे भाग पडले. मग मात्र शासनयंत्रणा जागी झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गाडी धावली!

याला नियोजन म्हणायचे की आपत्कालीन मलमपट्टी? जी गाडी एका महिन्यात सुरू होऊ शकते, ती दोन वर्षे का अडली होती, याचे उत्तर अकोटच्या नागरिकाला मिळालेच पाहिजे. पूल शाबूत राहिला असता, तर तो आजही स्थानकात ताटकळतच बसला असता काय?

अकोट हे कपाशीच्या बाजारपेठेचे गाव. नरनाळ्याच्या पायथ्याचा प्रदेश. शेगावच्या गजानन महाराजांचे गुरुबंधू नरसिंग महाराज यांची भूमी. मोठी रुग्णालये, जिल्हा न्यायालय, अनेक महाविद्यालये अकोल्यात. रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला आणि उपचारासाठी निघालेल्या शेतकऱ्याला खंडव्याची गाडी कधी सुरू होणार, यापेक्षा सकाळी वेळेवर अकोला गाठून सायंकाळी घरी परतता येईल काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

‘प्रवासीच नाहीत’ हा अशा वेळी पुढे केला जाणारा ठरलेला युक्तिवाद. आधी अवेळी गाडी सोडायची आणि मग रिकाम्या डब्यांकडे बोट दाखवायचे, हा कुठला न्याय? हिशेब सरळ आहे. सरासरी ताशी ४५ किलोमीटर वेग धरला, तरी हे अंतर तासाभराचे. दोन्ही टोकांना चालककक्ष असलेल्या हलक्या मेमू किंवा डेमू गाडीला अखेरच्या स्थानकात इंजिन फिरवून जोडावे लागत नाही. पंधरा मिनिटांचा थांबा धरून एक गाडी अडीच तासांत पूर्ण फेरी करील. अशा दोन गाड्या आणि मधल्या एका स्थानकात क्रॉसिंगची सोय, एवढ्यावर एकेरी मार्गावरही दर सव्वा तासाला गाडी सुटू शकते. त्यासाठी मेट्रोचे खांब उभारण्याची आवश्यकता नाही. महानगरांसाठी सहस्रावधी कोटी काढणाऱ्यांना हा अल्प व्यय जड वाटू नये.

अकोटपुढील मार्गाचा वाद वेगळा आहे. जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी पर्यायी मार्गाची मागणी केली होती. सोनाळा, जामोदकडून जाणारा मार्ग लांबीने अधिक असला, तरी तो अरण्य वाचवतो आणि रेल्वेपासून वंचित गावांना जोडतो. म्हणून तोच श्रेयस्कर. परंतु त्या वादापायी अकोटची स्थानिक गाडी का खोळंबावी?

शेजारची ‘शकुंतला’ या बाबतीत डोळे उघडणारी आहे. वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी परक्यांनी यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर असा अरुंद लोहमार्ग टाकला. स्वातंत्र्यानंतरही त्याची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. १९९४ पर्यंत त्यावर मँचेस्टरमध्ये घडलेले बाष्पइंजिन धावत होते आणि पुढे तीही गाडी थांबली. परक्यांना आपल्या कापसाची निकड कळली. स्वकीयांना आपल्या माणसांची निकड कळू नये, याहून मोठे दुर्दैव कोणते?

अकोट नगरपरिषदेने विकास आराखड्यात स्थानकाकडे जाणारा रुंद रस्ता, बसथांबा आणि भावी विस्ताराची जागा आजच राखून ठेवावी. उद्या तेथे इमले उभे राहतील. लोकप्रतिनिधींनी शाळा, न्यायालय व बाजाराच्या वेळांशी जुळणारे वेळापत्रक रेल्वेपुढे मांडावे. आणि नागरिकांनी संघटितपणे त्याचा पाठपुरावा करावा. जागृत समाजासमोर शासनाची निद्रा फार काळ टिकत नाही. पुढचा पूल खचण्याची वाट पाहणे मात्र अकोटला परवडणारे नाही.