विश्लेषण : फुकटचा प्लगइन महाग का पडतो?

लग्नसराई तोंडावर आली, की फोटो स्टुडिओंत चेहरे उजळवणाऱ्या प्लगइनची शोधाशोध सुरू होते. मूळ किंमत परवडत नाही म्हणून ‘क्रॅक’ आवृत्ती पेनड्राइव्हवरून हातोहात फिरते. सोबत सूचना असते : आधी अँटीव्हायरस बंद करा. शंका खरे तर इथेच यायला हवी.

प्लगइन हाही प्रोग्रामच असतो. फोटोशॉपच्या प्लगइन फोल्डरमध्ये टाकलेला जुन्या पद्धतीचा प्लगइन फोटोशॉपच्याच अधिकारांनिशी चालतो. ग्राहकांच्या लग्नाचे फोटो ज्या डिस्कवर आहेत, तिथपर्यंत त्याचा हात पोहोचतो. चार पैसे वाचवण्यासाठी एवढी जोखीम घेणे शहाणपणाचे नाही. गिंप आणि त्यासाठीचा जी’मिक हा शेकडो फिल्टरांचा संच रीतसर मोफत मिळत असताना तर नाहीच.

अधिकृत प्लगइनही कायम साथ देतील असे नाही. गुगलने २०१६ मध्ये ‘निक कलेक्शन’ मोफत केले. २०१७ मध्ये ते डीएक्सओ कंपनीकडे गेले आणि पुढच्या आवृत्त्यांना पैसे पडू लागले. २०२५ मध्ये गिंप ३.० आले, तेव्हा २.१० साठी लिहिलेले प्लगइन नव्याने जुळवून घ्यावे लागले. त्यामुळे ऐन हंगामात मुख्य सॉफ्टवेअर अपडेट करूच नये. प्लगइनची इन्स्टॉलर फाइल आणि परवान्याचा क्रमांकही वेगळा जपून ठेवावा.

फोटोशॉप अडखळू लागले, तर ते सुरू करताच शिफ्ट कळ दाबून धरावी. बाहेरचे प्लगइन वगळायचे का, असा प्रश्न येतो. ‘होय’ म्हटल्यावर काम सुरळीत झाले, तर दोषी त्यांच्यातच आहे. मग एकेक काढून पाहावा.