देव दळू लागतो, घरधनी का नाही?

आपल्या वारकरी पंथाचा देव मोठा कामसू आहे. जनाबाईला तो दळू-कांडू लागला, तिच्याबरोबर शेण्या वेचायला गेला. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या हे नाव घेऊन त्याने बारा वर्षे कावडीने पाणी भरले, गंध उगाळले. नाथषष्ठीच्या वेळी तिथला रांजण अजून भरला जातो. सेना न्हाव्याची धोकटी त्याने काखोटीला मारली, चोखोबांबरोबर ढोरे ओढली. बाहेरचे काम आणि चुलीपुढचे काम असा भेद या देवाने कधी पाळला नाही. त्याचे हात कमरेवर का, असे विचारले की आमची आजी म्हणते, "काम आटपून उभा हाय त्यो."

जनाबाईचे जन्मगाव गंगाखेड आमच्याच परभणी जिल्ह्यातले. तिच्या या कथा आम्ही लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. त्या ऐकताना पुरुषांच्या डोळ्यांना पाणी येते, हे मी पाहिले आहे. तेच पुरुष घरी येतात आणि ताट वाढण्याची वाट बघत बसतात.

माझे वडील माळकरी आहेत. दारूला शिवत नाहीत, घरात कुणावर हात उचललेला मला आठवत नाही. त्यांना दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. आई आणि ते दोघेही रोजाने दुसऱ्याच्या शेतात जातात. कापूस वेचणी असो की सोयाबीनची काढणी, सकाळी एकाच वेळी निघतात आणि दिवस मावळताना एकाच वेळी परततात. आईचा रोज वडिलांपेक्षा कमी, ही गोष्ट आणखी वेगळी. परतल्यावर वडील हातपाय धुऊन देवळात हरिपाठाला जातात. हरिपाठाची वेळ आणि भाकरी थापायची वेळ एकच! आईलाही सबंध हरिपाठ तोंडपाठ आहे, पण तो तिने परातीपुढे बसून, देवळावरच्या भोंग्यातून ऐकून पाठ केला आहे. श्रद्धा तिची कमी नाही, सवड नाही.

एकादशीचे तर विचारूच नका. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण कुणा पुरुषाने केली असावी. आईच्या बाबतीत ती 'दुप्पट काम' अशी म्हणावी लागेल. उपवास करणाऱ्यांसाठी भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा. उपवास न करणाऱ्या लहानांसाठी नेहमीची भाजी-भाकरी. आणि हे सगळे करणारीचाही त्या दिवशी उपवासच असतो.

हे काही एकट्या आमच्या घरातले नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. तिच्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. तोही फक्त जे करतात त्यांचा. आणि शंभरातले जेमतेम सव्वीस पुरुषच करतात, स्त्रिया मात्र एक्याऐंशी. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. मी पुस्तक घेऊन बसले की माझ्या वाट्याची भांडी आणि पाणी कमी होते. पण ते घरातून कमी होत नाही, आईच्या वाट्याला जाते. तेरा वर्षांच्या भावाच्या वाट्याला ते जात नाही, हेही सांगितले पाहिजे. माझी बी. ए. आईच्या झोपेतून निघते आहे.

पुरुषांना ही कामे येत नाहीत, असे कुणी म्हणेल. ते मी मुळीच मानणार नाही. गावात सप्ताह बसतो तेव्हा भाकऱ्या घरोघरीहून येतात, म्हणजे बायकांच्याच हातच्या. पण आमटीची काहील पुरुष उतरवतात. कांदे तेच चिरतात, पंगतीत तेच वाढतात, उष्ट्या पत्रावळ्याही उचलतात. त्यात कुणाची मान खाली जात नाही, उलट मान मिळतो, कारण तिथे त्या कामाला 'सेवा' म्हणतात. तेच काम घरात आले की ते बायकांचे होते, आणि एखाद्या दिवशी पुरुषाने केलेच तर 'मदत'. मदत म्हणजे दुसऱ्याच्या कामाला केलेली. जेवणारे सगळे घरचे असताना काम एकटीचे कसे?

आमच्या गावी एका कीर्तनकार महाराजांनी बायकांना सांगितले, "तुम्हाला देवळात यायची गरज नाही, तुमच्या कामातच देव आहे." बाया माना डोलावत होत्या. मला वाटले, कामात देव असेल तर महाराजांनी तो पुरुषांनाही दाखवावा! एवढी सोपी भक्ती फक्त आम्हालाच का?

जनाबाईच्या कथेत एक गोष्ट कुणी बोलत नाही. नामदेवांचे घर भरलेले होते, माणसे पुष्कळ होती, आणि सगळी भक्त होती. जनाबाई त्या घरची दासी. रात्री ती एकटी जात्यावर बसली तेव्हा त्या भरल्या घरातले कुणी उठून खुंट्याला हात लावल्याचे मी कोणत्याही कीर्तनात ऐकलेले नाही. म्हणून देवाला यावे लागले. आपण त्या देवाची स्तुती करतो, आणि निजून राहिलेल्या घराबद्दल अवाक्षर काढत नाही.

चैत्रात आमचा सप्ताह आहे. काल्याच्या दिवशी दुपारी महाप्रसाद होतो, काहिली घासून पालथ्या पडतात. संध्याकाळी घरोघर पुन्हा चूल पेटते, आणि दुपारपर्यंत ज्यांच्या हातात वाढप होते ते ओट्यावर बसून आत विचारतात, "झाला का गं स्वयंपाक?"