कोयता काढून घेतल्याने खून थांबतील का?

निवडणूक आली, मोठा सण आला, नाहीतर कुठे मोर्चा निघायचा असला की तहसील कचेरीच्या फळ्यावर मनाई हुकूम लागतो. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा), कलम ३७, पोटकलम १. तलवार, भाला, बंदूक, सुरा, सोटा, काठी, लाठी आणि माणसाला इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ घेऊन फिरायचं नाही. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. मुदत संपली की पुष्कळदा तोच कागद तारीख बदलून पुन्हा लागतो. पाड्यावर येऊन तो कुणी वाचून दाखवत नाही. नाक्यावर हवालदाराने आकडीतला कोयता काढून घेतला, म्हणजे आपल्याला कळतं की हुकूम लागलाय.

आता काही पुढारी आणि बागायतदार त्याच्याही पुढे जाऊन बोलू लागलेत. खून-मारामाऱ्या फार झाल्या, कायदा आणखी कडक करा, कोयता-सुरा घेऊन फिरणाऱ्याला सरळ आत टाका, जामीन देऊ नका, असं त्यांचं म्हणणं आहे. ज्याच्या घरचं माणूस कोयत्याच्या वाराने गेलं, त्याला ही मागणी पटणारच. म्हणून ती नुसती आपल्याविरुद्ध आहे म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. संघटनेने तिचा नीट विचार केला पाहिजे. कडक कायद्याने खून कमी होणार असतील तर आपणही त्याला हो म्हणू. पण होतील का?

पहिली गोष्ट ही की, कोयत्याने मारणं हा आजही मोठा गुन्हा आहे. भारतीय दंड विधान १८६० सालचं, ते २०२४ पर्यंत लागू होतं. त्यात घातक हत्याराने दुखापत केली तर कलम ३२४, तीन वर्षांपर्यंत कैद होती. जबर दुखापत केली तर कलम ३२६, जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. जीव घेतला तर ३०२, जन्मठेप नाहीतर फाशी होती. म्हणजे वार करणाऱ्यासाठी कायदा कुठे कमी पडत नाही. नवा कडक कायदा येईल तो ज्याने अजून वार केलेला नाही, नुसतं हत्यार जवळ आहे, त्याच्यासाठी.

त्यामागचा विचार असा, की हत्यार जवळ नसलं तर रागाच्या भरात वार होणार नाही. हा विचार खोटा नाही. मुंबईत खिशात रामपुरी घालून फिरणाऱ्याला त्या रामपुरीचं दुसरं काही काम नसतं. गुप्ती, तलवार यांचंही तसंच. ती माणसावर चालवायलाच केलेली असतात. तिथे पोलिसाने झडती घेतली, हत्यार काढून घेतलं, तर एखादा जीव वाचू शकतो. याला आमचा विरोध नाही.

पण रानात काय? पावसाआधी राबासाठी फांद्या तोडायच्या, कोयता. कुडाच्या काठ्या, सरपण, बांबू, ताड छेवायचा, वाट अडवणारी करवंदाची जाळी, सगळीकडे कोयता. पावसाळा सरला की गवतकापणीला विळा. घर शाकारायला कुऱ्हाड. आपल्यातला म्हातारा माणूस विचारतो, "कोयत्याबिगर रानात जायचा कसा?" याला कडक कायदा मागणाऱ्यांपैकी कुणी उत्तर देत नाही. कमरेला कोयता दिसला की माणूस गुंड, असा हिशोब लावला तर अख्खा तालुका गुंड ठरतो, आणि खरा गुंड त्या गर्दीत सापडत नाही.

हा फरक कायद्यालाही माहीत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' कशाला म्हणायचं ते लिहिलंय. निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. त्या कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं धरली आहेत, पण तिथेही घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेली पाती बाजूला ठेवली आहेत. फूटपट्टी लावली तर आपले पुष्कळ कोयते दोन इंचांच्या वर भरतील. पण तो शेतीचा कोयता आहे, म्हणून या नियमात बसत नाही. हे प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावं आणि पोलीस पाटलालाही सांगावं.

कलम ३७ च्या हुकमात मात्र हा फरक राहत नाही. इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू म्हटल्यावर नांगराचा फाळसुद्धा त्यात आला. मग कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं हे साहेबाच्या मर्जीवर. बाजाराच्या दिवशी चालत येणारा धरला जातो, जीपमधून जाणारा नाही. मोर्च्याच्या आदल्या दिवशी जास्त धरले जातात. ज्यांची नावं संघटनेच्या वहीत आहेत त्यांच्यावर चॅप्टर केस होते आणि त्यातूनच पुढे तडीपारीची नोटीस निघते. कायदा कडक करा म्हणजे हाच दंडुका आणखी जड करा, असं होईल. त्याने गवताच्या हंगामात एखाद्याची मजुरी बुडेल, घरात लहान पोरं असतील तर खावटी काढावी लागेल. खुनाचा आकडा खाली येईल असं कशावरून म्हणायचं?

आणि बंदुकीचं काय? त्याच १९५९ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं की पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी वीस इंच नळीची बंदूक, यांचा परवाना मागितला तर द्यायचा. कागदावर हा हक्क सगळ्यांना आहे. पण परवाने कुणाच्या घरी आहेत ते आपण बघतो. १९७१ च्या मे महिन्यात धुळे जिल्ह्यात शहादे तालुक्यातल्या पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या भिल्लांवर गोळ्या चालल्या. तिथे माणूस मेला तो कोयत्याने नाही. पण पाटीलवाडीनंतर बड्या बागायतदारांच्या सगळ्या बंदुका जमा करा असं या लोकांपैकी कोण बोललं?

आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची गोष्ट तर त्या वेळच्या माणसांनी डोळ्यांनी बघितलेली आहे. ऑक्टोबर १९४५, तलवाडा. गोदूताई परुळेकरांच्या जिवाला धोका आहे, हत्यारं घेऊन या, असा खोटा सांगावा जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांवर फिरवला. लोक हातात असेल ते घेऊन धावले. जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं, असे पाच जण मेले. हातात काठी-कोयता दिसला म्हणून माणसं 'सशस्त्र जमाव' ठरली. ज्यांनी सांगावा धाडला ते घरी बसले होते. हत्यार दिसतं, त्यामागचा डाव दिसत नाही. नुसतं हत्यार बघणाऱ्या कायद्याचं असंच होतं.

एवढं सांगून थांबलो तर मात्र आपण अर्धंच बोललो. कोयत्याने माणसं मरतात, आणि त्यातली पुष्कळ आपलीच असतात. दारू पिऊन आलेला नवरा बायकोवर हात टाकतो, हाताला कोयता लागतो. वाटणीवरून भाऊ भावाला मारतो. ताप-खोकल्याने पोर गेलं की भगताच्या सांगण्यावरून एखाद्या विधवेला भुताळी ठरवतात, आणि रात्री तिच्या झोपडीत जातात. हे आपण सभेत बोलायला लाजतो. बायका बोलतात तेव्हा तो घरचा मामला म्हणून गप्प करतो. पोलिसांचा जुलूम खरा आहे, पण त्याच्या आड हे लपवता येणार नाही.

आता बघा, हे वार कुठे होतात? अंगणात, चुलीपाशी, बांधावर. नाक्यावर नाही. कडक कायदा नाक्यावर झडती घेईल. अंगणातला कोयता तिथेच राहणार, कारण सकाळी त्याच कोयत्याने सरपण तोडायचंय. म्हणजे ज्या खुनांचं आपल्याला खरं दुःख आहे, तिथपर्यंत हा कायदा पोचतच नाही.

तिथपर्यंत काय पोचतं? बांधावरचे वार जमिनीच्या कागदापाशी थांबवता येतात. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ साली झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी त्यात येतात. पण हुकूम झाला तरी ताबा मिळत नाही, मोजणी होत नाही, सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं. मग दोन्हीकडची माणसं कोयते घेऊन बांधावर उभी राहतात. त्या दिवशी तलाठी आणि मोजणीदार तिथे हजर असता तर फौजदाराची गरज पडली नसती. दारूचं म्हणाल तर शहादे-तळोद्याच्या बायकांनी १९७२-७३ च्या सुमाराला स्वतः जाऊन गुत्ते फोडले. बायकोवर उगारलेला हात त्यांना घरात थांबवायचा होता, म्हणून त्या गुत्त्यापर्यंत गेल्या. कुणी हुकूम काढायची वाट त्यांनी बघितली नाही.

म्हणून संघटनेचं म्हणणं असं:

एक. गुप्ती, तलवार, रामपुरी बाळगणाऱ्यावर आहे तो कायदा लावा, गरीब-श्रीमंत न बघता लावा. परवान्याच्या बंदुका निवडणुकीपुरत्या नाही, जमिनीचा तंटा चालू असेल तोवर जमा करून घ्या.

दोन. मनाई हुकमात शेतीची आणि रानातली अवजारं वगळली आहेत असं स्पष्ट लिहा. हुकूम पाड्यावर दवंडी देऊन कळवा.

तीन. कामाला जाणाऱ्याचा कोयता घेऊ नका. अटक करून घेतलात तर कायद्याप्रमाणे पावती द्या. साथींनी पावती मागितल्याशिवाय पोलीस ठाण्यातून हलू नये. मुद्देमाल म्हणून जमा झालेला कोयता अर्ज करून मॅजिस्ट्रेटकडून परत मागता येतो. अर्जाचा नमुना संघटनेच्या कचेरीत मिळेल.

चार. ताब्याच्या आणि मोजणीच्या तारखा पाळा. बाईने मारहाणीची तक्रार आणली तर त्याच दिवशी लिहून घ्या. तिला 'समजुतीने घ्या' म्हणून परत धाडू नका.

आणि आपल्यासाठी. ताडी-दारूच्या ठिकाणी, लग्नात, तमाशात, पाड्याच्या पंचायतीत कोयता न्यायचा नाही. तो घरी ठेवून यायचं. मोर्च्यात कुणी 'हत्यारं आणा' असा सांगावा दिला तर तो कुणाचा आहे ते आधी संघटनेच्या माणसाला विचारायचं. भुताळीचा आरोप झाला की त्याच रात्री पाड्याने त्या बाईच्या दारात बसायचं.

सरकारने आपल्याला हुकूम काढण्याआधी हा नियम आपण आपल्याला लावू. येत्या महिन्याच्या सभेत प्रत्येक पाड्याने यावर आपलं म्हणणं आणावं. बायकांनी आधी बोलावं. जोहार.