उभी बाटली, आडवी बाटली

कापसाचे पैसे बापाच्या हातीं पडतात, आणि आठवड्याच्या आंत त्याचें पोर वहीवांचून शाळेंत येतें. मास्तरकींत आम्हीं हें दरसाल पाहिलें आहे.

दारू कपाळीं लिहिलेली नसते. तिच्या दुकानाला परवाना लागतो, व परवान्यापासून सरकारास महसूल मिळतो. पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असतां जोतीराव फुले यांनीं १८८० सालीं अशा दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती.

आज हें काम आमच्या माताभगिनींच्या हातीं आहे. २००८ सालच्या सरकारी आदेशाप्रमाणें गांवांतील एकूण स्त्री मतदारांपैकीं निम्म्यांहून अधिक जणींनीं आडव्या बाटलीला मत दिलें, तर दुकान बंद होतें. पण येथेंच मेख आहे! हजार बायांपैकीं चारशें आल्या आणि साऱ्यांनीं आडवीलाच मत दिलें, तरी दुकान उघडेंच. घरीं बसलेली बाई न कळत उभ्या बाटलीला मत देते.

कोणी म्हणतात, दुकान गेलें कीं चोरटी दारू येईल. मुंबईंत तर परवान्याचीं दुकानें उघडींच होतीं. तरी २०१५ सालीं मालवणींत मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त दारूनें शंभरांहून अधिक गरीब मेले. म्हणून दुकान जावें, आणि गांवानें भट्टीवरही डोळा ठेवावा.

मतदानाच्या दिवशीं खुरपणी राहूं द्या. आणि पुरुषांनो, त्या दिवशीं चूल तुम्ही पेटवा!