शृंगाराचा धाक, श्रीमंतीची भूल

आरमोरीहून गडचिरोलीकडे किंवा ब्रह्मपुरीकडे निघालेल्या सकाळच्या एस. टी.त एखादी महाविद्यालयीन विद्यार्थिनी मोबाइलवर काही वाचण्यात गढून गेलेली असते आणि शेजारी ओळखीचे कोणी येऊन बसताच पडदा चटकन काळा करते. पुष्कळदा ती गोष्ट एका लांबलचक मालिकेचा भाग असते. नायक अब्जाधीश, देखणा आणि तुसडा. नायिका सामान्य घरातली, त्याच्याच कार्यालयात नोकरीला लागलेली. मध्ये एखादा करार, रुसवेफुगवे, शयनगृहाची सविस्तर वर्णने आणि शेवटी लग्न. एका भावाचे लग्न झाले की पुढच्या पुस्तकात दुसरा भाऊ. शेवट ठाऊक असूनही, किंबहुना ठाऊक असल्यामुळेच, वाचक पुढचे पुस्तक हाती घेतो.

इंग्रजीत या प्रकाराचा सुकाळ आहे. ई. एल. जेम्स यांची 2011 साली प्रसिद्ध झालेली ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ आणि तिचे पुढील भाग यांच्या दहा कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या. तिची नायिकाही पदवीच्या उंबरठ्यावरची विद्यार्थिनीच. मराठीत प्रतिलिपीसारख्या मोबाइलवरील वाचनमंचांनी भागाभागांच्या प्रेमकथा गावोगाव पोहोचविल्या आहेत. वैनगंगेकाठचे आरमोरी अरण्यात असले, तरी या बाजारापासून आता दूर राहिलेले नाही.

अशा वाचनावर वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो : हे अश्लील आहे. मराठीला हा आक्षेप नवा नाही. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली निर्दोष ठरविले. केवळ कामविषयक उल्लेख आला म्हणून लेखन अश्लील ठरू लागले, तर निव्वळ धार्मिक ग्रंथांखेरीज काही विकताच येणार नाही, अशा आशयाचे मत त्या वेळी न्यायालयाने मांडले होते. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी न्यायालयाला जे उमजले, ते अनेक घरांना आणि शिक्षकांच्या खोल्यांना अद्याप उमजलेले नाही.

शृंगाराची लाज बाळगावी अशी आपली वाङ्मयीन परंपराही नाही. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ या भूमीच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहांपैकी एक. तिच्यातील प्रेमिक महालात राहत नाहीत. ते शेतात राबतात आणि त्यांच्या अवतीभवती मोहाची फुले गळतात. आजही उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोह वेचायला निघणाऱ्या या मुलखाला तो शृंगार परका वाटण्याचे कारण नाही.

मग हे वाचन एवढे हवेसे का वाटते? नारो सदाशिव रिसबूड यांनी आपल्या ‘मंजुघोषा’ या 1868 मधील अद्भुतरम्य कादंबरीच्या प्रस्तावनेत याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. आपल्याकडील विवाहाची रीत व इतर कारणांमुळे नित्याच्या जीवनात मनोरंजक असे काही घडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकेतील अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींचा अभ्यास 1984 साली प्रसिद्ध केला. घरच्या मागण्यांतून सुटून स्वतःसाठी काढलेला वेळ, असा त्या वाचनाचा अर्थ त्या स्त्रियांनी सांगितला होता. जिचे लग्न, शिक्षण आणि नोकरी यांचे निर्णय इतरांच्या बैठकीत होतात, त्या मुलीला एका स्त्रीची इच्छाच केंद्रस्थानी असलेली गोष्ट गोड वाटली, तर त्यात तिचे चुकले काय?

तथापि, या कादंबऱ्या निर्दोष आहेत असे नव्हे. त्यांचा दोष शृंगारात नाही, श्रीमंतीत आहे. नायक नायिकेचा पाठलाग करतो, तिच्या नकाराकडे दुर्लक्ष करतो, तिची नोकरी आपल्या हाती आहे याची जाणीव देतो. आणि लेखक या सर्वांस उत्कट प्रेम म्हणतो. 1740 साली सॅम्युएल रिचर्डसनच्या ‘पामेला’तील धनी आपल्या मोलकरणीला छळतो, कोंडून ठेवतो आणि अखेर लग्न करून सज्जन ठरतो. तेव्हापासून हा साचा चालत आला आहे.

गंमत अशी, की मराठी रसिक ही लबाडी एरवी सहज ओळखतो. धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटके रंगतात. आरमोरीजवळचे वडसा हे त्यांचे माहेरघर. रंगमंचावर सावकाराची नजर गरिबाच्या लेकीवर गेली, तर तो खलनायक आहे हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही सांगावे लागत नाही. मग त्याच सावकाराला परदेशी बनावटीचा कोट आणि विमान मिळताच तो नायक कसा होतो?

बहुतेक वाचकांना हे स्वप्नरंजन आहे याची जाणीव असते, हे खरे. परंतु ज्या विषयावर घरात वा वर्गात कोणी बोलत नाही, त्या विषयाचे पुस्तक हे नकळत एकमेव शिक्षक होऊन बसते. उद्या हीच विद्यार्थिनी नागपूरच्या एखाद्या कार्यालयात रुजू होईल. वरिष्ठाची लगट हे प्रेमकथेचे पहिले प्रकरण नसून 2013 च्या कायद्याखालील तक्रारीचा विषय आहे, हे तिला ठाऊक असायला हवे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान जागी काम करणाऱ्या स्त्रीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. प्रेमकथांच्या मालिकेत या समितीचे प्रकरण नसते. ते सांगण्याचे काम शिक्षकांचे आहे.

म्हणून मोबाइल हिसकावून घेणे किंवा वर्गात टोमणे मारणे हा उपाय नव्हे. त्याने वाचन थांबत नाही, फक्त चोरटे होते. ग्रंथपालाने अशी पुस्तके मागणाऱ्या वाचकाला हसू नये आणि तिच्या हाती आणखी दोन चांगल्या कादंबऱ्या ठेवाव्यात. शिक्षकाने वर्गात एवढेच विचारावे, की या नायकाजवळ पैसा नसता, तर त्याच्या वागण्याला काय नाव दिले असते? ज्या वर्गात हा प्रश्न मोकळेपणाने विचारला जाईल, तेथील विद्यार्थिनीला एस. टी.त पडदा काळा करावा लागणार नाही. आणि कार्यालयात नको तेथे गप्पही राहावे लागणार नाही.